मोत माउलीला निघालीस, तर एवढं ऐकून जा

पोरी, बांद्र्याच्या डोंगरावरच्या मरियेच्या चर्चला जायचं ठरवलंस, सासूबाईंना आणि चिमुरड्यालाही बरोबर नेतेयस, फार छान केलंस. रस्ता फोन दाखवेलच. मी सांगणार आहे त्या बारीकसारीक गोष्टी, ज्या लक्षात राहिल्या तर दिवस सुखाचा जातो. माउंट मेरी म्हण, मोत माउली म्हण, वर दोन्ही नावं चालतात.

१. पहिली खेप साध्या दिवशी, सकाळच्या वेळी कर. जत्रा नंतर कधीतरी — चर्चमध्ये दहा मिनिटं निवांत बसायला मिळालं, की पुढे जत्रेतली गर्दीही परकी वाटत नाही.

२. नाहीच राहवलं आणि जत्राच हवी असली, तर तारीख नीट बघ. मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबर. त्या दिवशी रविवार असला तर जत्रा तेव्हापासून, नाहीतर पुढच्या रविवारपासून आठवडाभर — ‘सप्टेंबरात कधीतरी’ असं मोघम धरून गेलेल्यांना दुकानांचे बांबूच तेवढे दिसतात.

३. जत्रेच्या आठवड्यातले दोन्ही रविवार सोड, मधला एखादा वार गाठ. रविवारी माउली मुंबईची, मंगळवारी आपली — म्हणजे म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा आणि बाळाला श्वास घ्यायला हवा मिळते.

४. याच दिवसांत पुष्कळदा गणपतीही बसलेले असतात; विसर्जनाचा दिवस टाळ — वाहतूक कुठून कुठे वळवलेली असेल सांगता येत नाही. बुधवारही जरा जपून, कारण माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये त्या दिवशी नोव्हेनाच्या प्रार्थनेला माणसांचा पूर लोटतो आणि तुझी लोकलही माहीमवरूनच जाते.

५. जावईबापूंना सांग, गाडी घरी राहू दे. लोकलने येऊन बांद्रा स्टेशनच्या पश्चिमेला उतरा आणि बेस्टची बस धरा, जत्रेत जादा बसगाड्याही सोडतात — डोंगरावरच्या गल्ल्या अरुंद आहेत, आणि आपण ज्याच्या फाटकासमोर गाडी लावतो त्याच्या घरीही कुणी आजारी असू शकतं.

६. सप्टेंबर म्हणजे पाऊस आलाच. रांगेत छत्री नको, रेनकोट घे — छत्रीच्या काड्या नेमक्या मागच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला येतात.

७. चर्चमध्ये चपला काढायची पद्धत नाही, म्हणून पट्ट्याच्या, पकड असलेल्या चपला घाल. मनापासून वाटलं म्हणून काढल्यास तर पिशवीत ठेव, दारात नाही — दारातल्या चपलेला म्हातारं माणूस हमखास अडखळतं.

८. खांदे आणि गुडघे झाकले जातील असं काहीतरी सुती नेस, ओढणी असली तर पिन लाव. सिंथेटिक ओढणी आणि पेटत्या मेणबत्त्या यांची गाठ पडू देऊ नये, बस्स.

९. टेकडी समुद्रापासून ८० मीटरच्या आसपास, म्हणजे पाहायला गेलं तर काहीच नाही. पण टेकडी बुटकी म्हणून पाण्याची बाटली बुटकी घेऊ नये — चढ पाच मिनिटांचा असला तरी रांग तासाची असू शकते.

१०. सासूबाईंच्या गोळ्या, लिमलेट आणि चार बिस्किटं तुझ्या पर्समध्ये ठेव, त्यांच्या नाही. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या माणसांची पर्स नेहमी घरी विसरलेली असते.

११. बाळाच्या खिशात तुझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाल, आणि हरवलात तर कुठे भेटायचं ती जागा वर पोचल्यापोचल्या ठरवा — गर्दीत फोन लागत नाही, लागला तर ऐकू येत नाही.

१२. मंगळसूत्र पदराआड, बाकीचं सोनं घरी. माउलीला दागिने दाखवायचे नसतात, आणि ज्याला दिसू नयेत त्याला ते आधी दिसतात.

आता जरा टेक. वर जायच्या आधी दोन गोष्टी कानावर घालते. वाचून ठेवल्या नाहीस तर तुला ती नुसती उंचावरची एक सुंदर इमारत वाटेल, आणि मला ते चालणार नाही.

१३. पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात, जेझुइट पाद्र्यांनी या टेकडीवर एक लहानसं प्रार्थनाघर बांधलं आणि मरियेची मूर्ती पोर्तुगालहून आणली. खाली टोकाशी बांद्र्याचा किल्ला आहे ना, तो १६४० सालचा. दोन्ही जागा एका दिवसात बघ — किल्ल्यावर उभं राहिलं की समुद्रातून येणाऱ्या होड्यांवर नजर ठेवणारी माणसं कुठे उभी राहत असतील हे आपोआप कळतं.

१४. असं सांगतात, की १७०० च्या सुमारास अरबी चाचे वर चढून आले आणि मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू सोन्याची समजून त्यांनी तिचा हातच तोडला. पुढे मराठे आणि पोर्तुगीज यांच्या लढायांच्या धामधुमीत जुनं चर्चही गेलं, आणि १७६० च्या सुमारास ते पुन्हा उभं राहिलं. हा आपल्याही इतिहासाचा भाग आहे, पोरी. तिथे उभी राहशील तेव्हा मराठ्यांच्या वसईच्या विजयाइतकीच या पडलेल्या भिंतींचीही आठवण ठेव — दोन्ही बाजूंची माणसं याच किनाऱ्यावर राहणारी होती.

१५. आणि कोळ्याची गोष्ट विसरू नकोस. एका कोळ्याच्या स्वप्नात मूर्ती समुद्रात आहे असं आलं, आणि ती खरोखरच पाण्यावर तरंगताना सापडली, असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. जत्रेत कोळणी अंगभर दागिने घालून, वेण्या माळून येतात तेव्हा त्यांना आधी जाऊ दे — पाहुण्याने माहेरवाशिणीच्या पुढे घुसू नये.

१६. मूळ मूर्तीचा हात तुटल्यावर मधल्या काळात टेकडीवर पूजली गेलेली मूर्ती खालच्या सेंट अँड्र्यूज चर्चमधून आणलेली होती, दर्यावर्दींच्या माउलीची. तेही चर्च समुद्राकाठी आहे, सोळाव्या शतकापासूनचं. परतताना पाय शिल्लक असले तर तिथे डोकावून ये.

१७. सध्याचं दोन टोकदार मनोऱ्यांचं दगडी चर्च १९०४ सालचं, आणि ते उभारणारे पारशी वास्तुविशारद शापूरजी चांदाभॉय. ज्या माहीम कॉजवेजवळून तुझी लोकल जाईल तो १८४५ साली पुरा झाला, तोही लेडी अवाबाई जमशेटजी यांनी दिलेल्या दीड लाखाहून जास्त रुपयांतून, म्हणजे पारशी बाईच्या पदरच्या पैशांतून. त्याआधी माहीमहून बांद्र्याला जायचं तर खाडी नावेतूनच ओलांडावी लागे. सासूबाईंनी वाटेत ‘आपलं तिथे काय?’ असं विचारलंच, तर खिडकीतून खालची खाडी दाखव आणि हे सांग — कोळ्याची मूर्ती, पारशाचं बांधकाम, पारशिणीचा रस्ता, इतकं झाल्यावर परकं कोण उरतं?

१८. पोप बारावे पायस यांनी १९५४ साली या चर्चला बॅसिलिकेचा मान दिला. एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे, तारखांची परीक्षा घेणार नाही.

१९. एक गोष्ट मात्र नीट समजून घे. ख्रिस्ती लोक मरियेला देव मानत नाहीत. ती येशूची आई, आणि आपलं मागणं लेकापुढे मांडणारी. आपण ‘देवी’ म्हटलं म्हणून तिथे कुणी रागावत नाही, पण शेजारच्या बाकावर बसलेली बाई काय मनात धरून आली आहे हे ठाऊक असलेलं बरं — जिच्या घरी जायचं तिच्या घरची रीत आधी विचारावी.

मेणबत्त्यांबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण खरी गडबड तिथेच होते आणि खरी मजाही तिथेच आहे.

२०. चर्चबाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, हृदय, बाळ, घर असं सगळं मिळतं. परदेशी जायचं असलेल्यांसाठी विमानसुद्धा. आपल्याला काय मागायचं आहे ते घरून ठरवून जा — दुकानापुढे उभं राहिलं की घरही हवंसं वाटतं, गाडीही, आणि ज्यासाठी आलो ते राहून जातं.

२१. ज्याचा गुडघा दुखतो त्याने पाय घ्यावा, ज्याला मूल हवं त्याने बाळ. पण शेजारणीने कुठली आकृती घेतली ते वळून बघू नकोस, आणि विचारू तर मुळीच नकोस. मेण हातात असतं तेव्हा माणसाचं दुखणं उघडं पडलेलं असतं. इथे हात धरून आलेल्या नवराबायकोला मी मेणाचं बाळ पदराखाली झाकून नेताना पाहिलं आहे, आणि त्यांच्याकडे टक लावून बघणारी माणसंही पाहिली आहेत. त्या माणसांत तू नसावंस.

२२. मेणवाल्यांशी दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करत बसू नकोस. नवसाची वस्तू स्वस्तात मिळाली म्हणून नवस स्वस्त होत नाही — आणि त्यांच्या वर्षाचा धंदा या एका आठवड्यावर उभा असतो.

२३. मेण दुपारच्या उन्हात वाकतं. घेतल्याबरोबर वर जा, पिशवीच्या तळाशी टाकून फिरत बसू नकोस — घराचं छप्पर बसलेलं पाहून सासूबाई अपशकुन काढतील आणि दिवसभर तुला ऐकावं लागेल.

२४. मेणबत्ती बाहेर ठेवलेल्या स्टँडवरच पेटव, आणि आधीच्या पेटत्या ज्योतीवरून पेटव. दुसऱ्याची मेणबत्ती विझवून तिच्या जागी आपली लावू नये, कितीही गर्दी असो — जागा नसली तर नुसती ठेवून हात जोडले तरी पोचतं. मेणाच्या आकृत्या कुठे ठेवायच्या ते स्वयंसेवक दाखवतात, त्यांना विचार.

२५. स्टँडजवळची फरशी मेणाने गुळगुळीत झालेली असते. तिथे बाळाला कडेवर घे, खाली सोडू नकोस. एका हाताने सासूबाईंना धर. गर्दीत धरलेला हात घरी गेल्यावरच सोडावा.

२६. झेंडूचा हार चालतो. नारळ फोडू नकोस, भिंतीला किंवा मूर्तीला हळदकुंकू लावू नकोस — भाव चांगला असला तरी साफ करणाऱ्या माणसाच्या हातांना ते दगडातून काढता काढता नाकीनऊ येतात.

२७. ‘पटकन दर्शन करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर हसून पुढे जा. पैसे द्यायचे ते आतल्या पेटीत.

२८. दारापाशी पाण्याचं लहान भांडं असतं. त्यात बोट बुडवून ख्रिस्ती लोक कपाळापासून क्रूसाची खूण करतात. तुला करायची नसली तर हरकत नाही, पण बाळाचे चिकट हात त्यात धुऊ नकोस — ते आशीर्वाद दिलेलं पाणी आहे, आणि रांगेत तुझ्यामागे ते पवित्र मानणारी आजी उभी आहे.

२९. आत शिरताना फोन बंद. थरथरता नव्हे, बंद — दगडी चर्चमध्ये फोन थरथरला तरी पाचव्या बाकापर्यंत ऐकू जातो.

३०. बाकाच्या पुढे खाली एक आडवी फळी असते, ती गुडघे टेकायला. तिच्यावर पाय ठेवू नकोस, बाळालाही उभं करू नकोस.

३१. वेदीकडच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. तिथे लाल दिवा तेवत असतो, आणि त्याच्यापुढे आल्यावर लोक एक गुडघा टेकतात. ख्रिस्ती श्रद्धेने येशू तिथे प्रत्यक्ष आहे म्हणून तो दिवा आहे. तुझी श्रद्धा वेगळी असली तरी तिथे पाठ करून सेल्फी काढायचा नाही.

३२. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असताना पोचलीस तर मागच्या बाकावर बस आणि शेवटपर्यंत थांब. लोक उभे राहतील तेव्हा उभी राहा, बसतील तेव्हा बस. जत्रेच्या दिवसांत मराठी आणि कोंकणीतही मिस्सा असतात, वेळ विचारून घे — आपल्या भाषेतली प्रार्थना सासूबाईंना ओळखीची वाटेल, आणि मग ‘आपलं तिथे काय’ हा प्रश्नच उरणार नाही.

३३. मिस्सेच्या उत्तरार्धात शेजारची अनोळखी बाई तुझ्याकडे वळून हात जोडेल. ती तुला शांती देतेय. तूही हात जोड, हसून जोड. मला विचारशील तर सगळ्या मिस्सेत मला सर्वांत जवळची वाटते ती ही घडी.

३४. पुढे लोक रांगेने फादरांकडे जाऊन पांढरी चकती घेतात. ती प्रसाद समजून तू उठू नकोस. तो फक्त बाप्तिस्मा झालेल्या, त्या तयारीने आलेल्या कॅथलिकांसाठी आहे — ते त्याला येशूचं शरीर मानतात, आणि परत तुझ्या हातातून घ्यायची वेळ आली तर फादरांनाही वाईट वाटतं, तुलाही. बाकावर स्वस्थ बसून राहिलं तर कुणी काही म्हणत नाही.

३५. कोपऱ्यात लाकडी खोपटासारखं काही दिसलं आणि बाहेर चारजण गुमसुम उभे असले, तर तिथून लांबून जा. आत कुणीतरी आपल्या चुका सांगतंय.

३६. रडणाऱ्या माणसाचा फोटो नाही. मूर्तीचा नाही, वेदीचा नाही, बाळाचा मेणबत्तीबरोबर एक चालेल, तोही बाहेर. आठवण मनात ठेवायला काही लागत नाही, आणि फोनमधली पुन्हा कुणी उघडत नाही.

३७. समोर रस्त्याच्या पलीकडे पायऱ्या चढून फातिमा माउलीचं लहानसं ठाणं आहे. तिथेही मेणबत्त्या लावतात. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नसलं तर खालूनच नमस्कार करायला लाव — डोंगरावरची आई पायऱ्या मोजत नाही.

३८. नवस बोलताना सौदा करू नकोस. ‘हे दिलंस तर ते देईन’ यापेक्षा ‘हे मागते, आणि मिळालं नाही तरी पुन्हा येईन’ असं म्हण — आईपुढे अट घातली की मागणारी लहान होते, आई नाही.

३९. बाहेर आल्यावर खाजं घे, चणे घे, पेरूचं लाल चीज घे. पेरूचं चीज बाळाला इवलंसंच दे, दातांना चिकटतं. आणि सगळ्या पिशव्या, रिकाम्या बाटल्या परत बांधून आण. जत्रा आठवड्याची, डोंगर राहणाऱ्यांचा बारा महिन्यांचा.

४०. वाटेत जुन्या बांद्र्याची गावठाणं लागतील, रानवर, चिंबई, पाली. घरांपुढे क्रूस असतात, अंगणात लाकडी जिने, सावलीत खुर्चीवर बसलेले म्हातारे. हळू चाला आणि भोंगा वाजवणाऱ्या रिक्षात असलात तर त्यालाही सांगा. ही पाहायची जागा नाही, कुणाची तरी घरं आहेत, आणि एकेक करून ती इमारतींच्या पोटात जात आहेत.

४१. बँडस्टँडला समुद्र बघायला जा, भेळ खा, नटांचे बंगले दाखव हवं तर. पण पावसाळ्यात खडकांवर उतरायचं नाही, पाणी कितीही लांब दिसत असलं तरी नाही — भरतीला विचारून लाट येत नाही. या एका बाबतीत मी लाड करणार नाही.

४२. परतीला अंधार पडायच्या आत निघ. उतरताना गुडघे जास्त दुखतात, म्हणून सासूबाई पुढे आणि तू मागे, असं नव्हे. तू एक पायरी खाली, त्या वर, त्यांचा हात तुझ्या खांद्यावर.

४३. मागणं पुरं झालं तर फेडायला ये, आणि तारीख आत्ताच वहीत लिहून ठेव: पुढच्या वर्षीचा ८ सप्टेंबर कुठल्या वारी येतो ते बघ, तो रविवार नसेल तर त्यानंतरचा रविवार शोध, आणि त्याच्या पुढच्या मंगळवारावर खूण कर. रजेचा अर्ज जुलैतच दे, गणपतीच्या रजांमध्ये तो अडकतो.